खुंट्याची झोप

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुजबुज नको. मी जाडी आहे. ‘अंगाने जरा भरलेली’ नाही, ‘हाडंच मोठी हो तिची’ तर मुळीच नाही. जाडी. झालं बोलून? मग आता पुढचं ऐका, कारण खरी धमाल पुढे आहे आणि ती सांगायला मी केव्हाची टपून बसलेय.

आमच्या शाळेत मुलींची रस्सीखेचीची टीम आहे. आठ जणी ओढतात. सगळ्यांत मागे जी असते ती दोर काखेखालून घेते, पाठीवरून फिरवून दुसऱ्या खांद्यावर आणते आणि टाचा मातीत रोवून मागे रेलते. तिला आम्ही खुंटा म्हणतो. बाकीच्या सात जणी कितीही जोर लावू देत, खुंटा हलला की खेळ खलास. तो खुंटा म्हणजे मी! बाकावर माझ्या शेजारी बसायला नाकं मुरडणाऱ्या पोरी मैदानात ‘खुंटा, खुंटा’ करून घसे फोडतात. तेव्हा अंगावर जो काटा येतो ना, तो मला सांगताच येत नाही.

यंदा आम्ही फायनलला पोहोचलो. शाळेच्या जन्मात पहिल्यांदा! आमच्या मॅडम, म्हणजे टीमच्या कोच, एरवी शिट्टीशिवाय बोलत नाहीत. त्यांनी त्या दिवशी मला कमरेला धरून उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही ते सोडा, पण प्रयत्न केला.

आणि तिथेच माशी शिंकली. फायनलला जाणाऱ्या प्रत्येक मुलीची तपासणी करून डॉक्टरची सही आणायची, असा नियम निघाला. बाकीच्या सात जणी टुणटुण उड्या मारत सही घेऊन आल्या. माझ्या दंडाला डॉक्टरबाईंनी पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला, परत फुगवला. रक्त तपासलं. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "साखर काठावर आलीय. रक्तदाब तुझ्या वयाला शोभत नाही. दोर ओढताना तुम्ही श्वास कोंडून जोर लावता. या आकड्यांवर मी सही करणार नाही."

"म्हणजे मी खेळायचंच नाही?"

"फायनलच्या आठवड्यात परत ये. आकडे उतरलेले दिसले तर तिथल्या तिथे सही करते. नाहीतर तुझ्या जागी दुसरी उभी करा."

दुसरी! माझ्या जागी दुसरी कोण? वटवट? वटवट म्हणजे आमच्या दोरावरची सगळ्यांत पुढची मुलगी, जिचं तोंड जेवतानाही मिटत नाही. तिला खुंटा केलं, तर समोरच्या टीमने नुसता श्वास ओढला तरी ती त्यांच्या बाजूला जाऊन पडेल. मी दवाखान्याबाहेर आले, भिंतीला टेकले आणि रडले. खोटं कशाला बोलू? हमसून हमसून रडले.

झालं! घरात युद्ध पेटलं.

आमचं घर आधी डोळ्यासमोर आणा. रस्त्याच्या बाजूला बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्याच्या मागे आम्ही. आई शाळेची बस चालवते, त्यामुळे तिचा आवाज घरातही हॉर्नसारखाच असतो. आजोबांनी आयुष्यभर घड्याळंच दुरुस्त केली. गेल्या वर्षी ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा आतली खोली त्यांना दिली आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. मागच्या खोलीत मी आणि पाहुणे. पाहुणे म्हणजे दुरुस्त झालेली घड्याळं. बाबांची पद्धत अशी, की लंबकाचं घड्याळ दुरुस्त झालं म्हणून लगेच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. पंधरा दिवस भिंतीवर टांगायचं, चालवायचं, त्याचे टोले ऐकायचे, मगच घरी सोडायचं. चारही भिंतींवर पाहुणे, कोपऱ्यात एक उंच उभा पाहुणा, आणि मधोमध माझी खाट.

तर आजोबांचा सिद्धांत सरळ होता. "पोरगी झोपून झोपून फुगलीय." मग काय, उजाडायच्या आत ते माझ्या पायाचा अंगठा ओढायला लागले. "ऊठ! चल फिरायला! झोपून कोणी बारीक झालंय का आजवर?" आईने माझं ताट निम्मं केलं आणि सकाळी बस काढायच्या आधी अंगणात दोरीवरच्या उड्या लावल्या. मॅडमनी शाळा सुटल्यावर जादा सराव लावला. अभ्यास उरला, तो रात्रीवर गेला. अभ्यास संपला की मी फोन घेऊन लोळायचे, कारण सबंध दिवसात माझं स्वतःचं असं तेवढंच उरलं होतं. बाबा तेवढे काही करत नव्हते. डोळ्याला भिंग लावून मान खाली घालून ते बसायचे आणि मी शेजारून गेले की म्हणायचे, "जमेल गं. जमेल."

जमतंय डोंबल! मला भूक लागायची नाही, वखवख सुटायची. निम्मं ताट संपवून मी स्वयंपाकघरात जायचे आणि डब्यात जे हाताला लागेल ते उभ्याउभ्या तोंडात कोंबायचे. वर्गात पेंगायचे. कोणी साधं ‘काय गं’ म्हटलं तरी वस्सकन अंगावर जायचे. एकदा तर फळा नीट दिसत नाही म्हणून फळ्यावर ओरडले. आणि इतकं सगळं करून वजन काय झालं? वाढलं! आजोबा रोज सकाळी मला काट्यावर उभं करायचे आणि खाली वाकून बघायचे. "कमाल आहे. एवढं चालवतोय तरी वाढतं कसं?" मग स्वतःच उत्तर द्यायचे, "अजून लवकर उठवायला हवं."

मला त्यांचा इतका राग यायचा, इतका राग यायचा! पण त्यांच्या डोळ्यांत काळजी दिसायची, मग रागही धड करता यायचा नाही.

एक दिवस सरावात कहर झाला. पलीकडे मुलांची टीम होती. मी दोर खांद्यावर घेतला, टाचा रोवल्या आणि मॅडमनी शिट्टी मारेपर्यंतच्या त्या क्षणभरात उभ्याउभ्या झोपले. शपथ! पलीकडून हिसडा बसला. मी पुढच्या पोरीवर, ती तिच्या पुढचीवर, अशा आठच्या आठ जणी मातीत लोळल्या. सगळ्यांत खाली वटवट. तिचं तोंड बंद झालेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"चक्कर आली का?" मॅडम धावत आल्या.

"नाही," मी म्हटलं. "डोळा लागला."

मॅडमनी मला तिथूनच दवाखान्यात नेलं. आई बस लावून परस्पर तिथे आली. डॉक्टरबाईंनी परत तपासलं. आकडे उतरायचे सोडून चढले होते. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "झोप कशी आहे हिची?"

आई हसायलाच लागली. "अहो डॉक्टर, झोपेचं सोडून काहीही विचारा! बसल्या जागी झोपते ही. बसमध्ये झोपते, वर्गात झोपते, परवा तर जेवताना झोपली."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "दिवसा जागोजागी झोपणारी मुलगी रात्री झोपत असेल, असं तुम्हाला कशावरून वाटतं?"

आईच्या तोंडाचा चंबू झाला. तिला असं गप्प करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मला डॉक्टरबाई त्या क्षणी आवडल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. माझ्या वयाला रात्रीची आठ ते दहा तास झोप लागते. ती मिळाली नाही की शरीराला वाटतं काहीतरी संकट आलंय. मग ते भूक वाढवतं, आणि पोट भरल्याची खबर मेंदूकडे जायची ती नीट जात नाही. खाल्लेली साखर रक्तातच रेंगाळते. रात्री रक्तदाब खाली यायचा तोही धड येत नाही. आधीच वजन जास्त असलेल्या मुलांना हे सगळं जास्त महागात पडतं. "आणि तुम्ही काय केलंत," त्या आईकडे बघून म्हणाल्या, "जे मुळात कमी होतं त्यातूनच पहाटेचं फिरणं काढलंत."

"म्हणजे झोपले की मी बारीक होईन?" मी आशेने विचारलं.

"जादू नाहीये ती. खाणं सांभाळायचं, हलायचं, ते आहेच. पण झोपेशिवाय ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी."

त्यांनी माझं नाक आणि घसा बघितला, घोरते का, झोपेत श्वास अडकतो का ते आईला विचारलं. तसं काही नव्हतं. मग मनगटाला एक पट्टा बांधला. झोपले कधी, जाग आली कधी, ते तो पट्टा टिपणार. पहाटेचं फिरणं बंद, फोन खोलीच्या बाहेर. आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "झोपायला सांगितलं? डॉक्टरने? आता पोरगी बुडालीच म्हणायची."

आठवडाभराने पट्टा परत दिला. मी ऐटीत गेले होते, कारण आठवडाभर मी वेळेवर आडवी झाले होते. डॉक्टरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. झोपेची सलग पट्टी दिसायला हवी होती. तिथे नुसते तुकडे होते.

"खाटेवर भरपूर वेळ आहेस तू. झोपेत मात्र निम्माच. तासातासाला झोप मोडतेय, तुला आठवतही नसेल. दर तासाला घरात काय होतं?"

मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. आम्ही दोघींनी प्रामाणिकपणे, अगदी डोकं खाजवून विचार केला.

"काही नाही," आई म्हणाली. "आमचं घर फार शांत आहे हो."

हसताय ना? हसा, हसा. तुम्ही आमच्या घरात जन्मला असतात तर तुम्हीही तेच म्हणाला असतात!

त्या संध्याकाळी मॅडम आमच्याबरोबर घरी आल्या. फायनल जवळ येत होती आणि त्यांचा जीव टांगणीला लागला होता. "मला तुझी खोली बघू दे," म्हणाल्या. आईने चहा दिला. मॅडम माझ्या खाटेवर बसल्या, कप ओठाला लावला आणि सहा वाजले.

पहिल्यांदा दारावरच्या पाहुण्याने घसा साफ केला आणि सहा टोले दिले. तो संपायच्या आत खिडकीजवळच्या दोघांनी सुरुवात केली. मग डाव्या भिंतीवरचे सगळे. एकातून लाकडी पक्षी बाहेर येऊन ओरडला. सगळ्यांत शेवटी कोपऱ्यातल्या उंच पाहुण्याने असा टोला हाणला की खाटेच्या पायापर्यंत कंप गेला. मॅडम वीतभर उडाल्या. चहा सगळा ट्रॅकपँटवर. त्या कानांवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "हे... हे काय होतं?"

"कुठे काय?" आईने विचारलं.

"मुंगी चावली का?" आजोबा आतून म्हणाले.

मी तर खरंच खाटेखाली उंदीर बघत होते.

"अहो, टोले! एवढे टोले! रात्रीसुद्धा पडतात हे?"

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. बाबा दुकानातून आले होते, डोळ्याला भिंग तसंच. त्यांनी सावकाश भिंग काढलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चुकलेला टोला मला लगेच ऐकू येतो," ते म्हणाले. "बरोबर पडलेला... बरोबर पडलेला ऐकूच येत नाही हो मला."

आणि मग आमच्या घरात जे भांडण झालं, ते समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्या उघडून ऐकलं. मी म्हटलं, बंद करा सगळी. आजोबा म्हणाले, बंद घड्याळ दुरुस्त झालंय हे कळणार कसं? रात्री गारवा वाढला की आतलं तेल घट्ट होतं, लंबक अडखळतो, टोला चुकतो. चूक रात्रीच कळते. न ऐकता घड्याळ गिऱ्हाइकाला द्यायचं म्हणजे बाबांनी कधी केलं नव्हतं, आजोबांनी कधी केलं नव्हतं. "आमच्या हातून असलं काम बाहेर जाणार नाही!" असं म्हणून आजोबांनी टेबलावर मूठ आपटली.

माझं डोकं सटकलं. "मग मला बाहेर घालवा! तुम्हाला घड्याळं हवीत की मी?"

खोलीत टिकटिक चालूच होती, आणि त्या दिवशी मला ती पहिल्यांदा ऐकू आली. बापरे, केवढी होती ती! जणू सगळ्या भिंती दाणे चघळत होत्या.

बाबा पुढे झाले. त्यांनी दारावरच्या घड्याळाची काच उघडली आणि दोन बोटांनी लंबक धरला. मग खिडकीजवळचा. मग डावी भिंत. एकेक लंबक ते हळूच थांबवत गेले. शेवटी कोपऱ्यातल्या उंच घड्याळापाशी जाऊन ते जरा रेंगाळले, पण तेही थांबवलं. आजोबांनी तोंड फिरवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी हातगाडी आणली. मॅडमनी आपल्या जबाबदारीवर शाळेच्या मैदानातल्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालची सामानाची खोली उघडून दिली, जिथे आमचे दोर ठेवतात. गाद्या-चादरींत गुंडाळून सगळे पाहुणे तिकडे गेले.

"आणि टोले कोण ऐकणार?" मी विचारलं.

"राखणदार आहे की तिथे," बाबा म्हणाले. "त्याला सगळं शिकवून ठेवतो. तू झोप."

आणि मी झोपले. अहो, काय झोपले! शनिवारी जेवून आडवी झाले ती रविवारी दुपारपर्यंत. आजोबांचं धाबं दणाणलं. ते माझ्या नाकाशी आरसा धरून बसले होते म्हणे. पायाच्या अंगठ्याकडे हात गेला तशी आईने लाटणं उगारलं. "खबरदार! कोणी हिला हात लावला तर याद राखा!" हे सगळं मला नंतर वटवटने सांगितलं. ती चौकशीला आली होती आणि आईने तिला दारातच गप्प बसवलं होतं.

मग दिवस कसे गेले कळलंच नाही. रोज झोप, पोटभर झोप! फिरणं संध्याकाळी गेलं, आजोबांच्या बरोबर, आणि त्यांच्याशी गप्पा मारता येतात हे मला नव्याने कळलं. ती मेली वखवख गेली. एकदा मी ताटात दोन घास उरवले तर आईने घाबरून माझं कपाळ चाचपून पाहिलं. वर्गात फळा दिसायला लागला. मॅडमनी एका सरावात मुलांच्या टीममध्ये एक जण जास्तीचा घातला, तरी मी जागची हलले नाही. काट्यावर काटा मात्र जेमतेम सरकला. आजोबा रोज वाकून बघायचे आणि काही न बोलता सरळ व्हायचे.

फक्त बाबा विचित्र वागायला लागले होते. एकदा भिंग डोळ्याला तसंच ठेवून जेवायला बसले. एकदा गिऱ्हाइकाला घड्याळाऐवजी आपला डबा बांधून दिला. चहावर चहा प्यायचे. मी चिडवलं, "काय हो बाबा, पाहुण्यांची आठवण येते वाटतं?"

"येते की," ते हसले आणि तोंडावर हात ठेवून जांभई दिली.

तपासणीचा दिवस उजाडला. घरदार दवाखान्यात. आधी वजन. उतरलं होतं, पण इतकं थोडं की आजोबा मोठ्याने म्हणाले, "एवढंच?" माझा जीव खाली-वर व्हायला लागला. मग दंडाला पट्टा. डॉक्टरबाईंनी फुगवला, सोडला. परत फुगवला. अहो बोला ना! मग त्यांनी रक्ताचा रिपोर्ट मागवला, वाचला, उलटा करून वाचला.

"रक्तदाब उतरलाय," त्या म्हणाल्या. "साखर काठापासून मागे आलीय."

"पण वजन?" आजोबांनी विचारलं.

"वजन सावकाश येईल. मला आधी हे हवं होतं." आणि त्यांनी सही केली. सर्रकन! पेनचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. आईने डॉक्टरबाईंना मिठी मारली. आजोबांनी आईला मारली. मी सगळ्यांना एकदम मारली, खुर्ची मोडता मोडता वाचली.

आणि मग फायनल!

आमच्याच शाळेच्या मैदानात होती, पायऱ्या गच्च भरलेल्या. समोरची टीम गेल्या वर्षीची विजेती, एकेक पोरगी खांबासारखी. आई, बाबा, आजोबा पहिल्या ओळीत. बाबांनी दुकान बंद ठेवलं होतं. मी दोर खांद्यावर घेतला आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हात वर केला.

पहिली ओढ आम्ही हरलो. सांगून टाकते. वटवटचा पाय घसरला आणि सगळ्या गेलो. दुसरी आम्ही जिंकलो, इतक्या झटकन की पंचांची शिट्टी तोंडातच राहिली. आता तिसरी. जी जिंकेल तिचा चषक.

"दोर उचला! ताणा! तयार..." पंचांचा हात खाली आला. "ओढा!"

दोर हललाच नाही. इकडे नाही, तिकडे नाही. खांद्याची सालटं निघत होती, मांड्या थरथरत होत्या. मॅडम माझ्या शेजारी गुडघ्यावर बसून ओरडत होत्या, "धर! धर! धर!" समोरच्यांनी हिसडा दिला, मी धरला. दुसरा दिला, धरला. पूर्वी अशा वेळी डोळ्यांपुढे अंधारी यायची. आज सगळं लख्ख दिसत होतं, पुढच्या पोरीच्या वेणीतला एकेक केस दिसत होता. आणि मला दिसलं, नाही, दोरातून कळलं, की त्यांचा खुंटा दमलाय. दोर त्या टोकाला किंचित सैल पडला.

"आत्ता!" मी ओरडले. मॅडमनी नाही, मी!

आठ जणींनी एकदम मागे टाच घेतली. एक पाऊल. अजून एक. वटवट किंचाळत होती, आजोबा किंचाळत होते, मी काय किंचाळत होते देव जाणे. अजून एक! आणि दोरावरची खूण रेषेपार!

मैदान फुटलं. पोरी माझ्यावर पडल्या. ढोल, शिट्ट्या, पत्रे बडवणं, नुसता कल्लोळ. मी त्या ढिगातून बाहेर आले आणि धावत सुटले, सरळ पहिल्या ओळीकडे. "बाबा! बाबा, बघितलंत?"

बाबांनी काही बघितलं नव्हतं. ते झोपले होते. मान एका बाजूला टाकून, तोंड उघडं, ढाराढूर. त्या एवढ्या गोंगाटात.

माझा चेहरा पडला. रागच आला, खरं सांगते. माझी फायनल, आणि हे झोपले?

"त्यांच्यावर चिडू नकोस," आई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हॉर्नसारखा नव्हता. तिने खाली बोट दाखवलं, पायऱ्यांखालच्या खोलीकडे. "राखणदार कसले टोले ऐकतोय! त्याला चार आणि पाच सारखेच. तू झोपलीस की हे रोज इथे यायचे. रात्रभर बसून ऐकायचे आणि तू उठायच्या आत घरी. मला म्हणाले, तिला कळलं तर तिची झोप उडेल."

मला कसं कळणार होतं? मी झोपलेली असायचे.

मागे ढोलवाल्याने परत काठी उचलली होती. कर्ण्यावरून कोणीतरी आमच्या शाळेचं नाव पुकारायला घसा खाकरत होतं. मी पायरीवर चढले, सबंध मैदानाकडे तोंड केलं आणि जन्मात ओरडले नाही एवढ्या मोठ्याने ओरडले.

"गप्प बसा सगळे! माझे बाबा झोपलेत!"

ढोलाची काठी वरच राहिली. कर्णा बंद झाला. एका ओळीकडून दुसऱ्या ओळीकडे कुजबुज गेली आणि तीही विरली. वटवटने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. सगळी माणसं आवाज न करता हात हलवायला लागली. मॅडम चष्मा पुसत पुसत चषक घेऊन आल्या, चवड्यांवर चालत, आणि माझ्या पायाशी ठेवून गेल्या. आजोबांनी खिशातलं घड्याळ काढलं, कानाला लावलं, आणि माझ्या देखत त्याची चावी ओढून ते थांबवलं.

मी बाबांच्या शेजारी बसले. त्यांचं डोकं घसरत घसरत माझ्या खांद्यावर आलं, नेमकं दोराने सोललेल्या खांद्यावर. असं झोंबलं म्हणून सांगू! पण ते उठेपर्यंत मी हलले नाही.